डावीकडे काही नाही

१

भेस्तानच्या त्या चाळीत सकाळी साडेसातला नळ यायचा. पाणी भरून झालं की अनुसया दिपालीच्या दोन वेण्या घालून तिला शाळेत धाडायची, मग नवऱ्याचं ताट वाढायची आणि समोर भिंतीला टेकून बसायची.

रामदास जेवायचा तो ताटाच्या उजव्या अर्ध्याच भागातलं. तेवढं साफ झालं की बोटं चाटून म्हणायचा, "अजून वाढ ना." डावीकडे अर्धी भाकरी, वांग्याची भाजी, सगळं तसंच पडलेलं असायचं. अनुसया ताट फिरवायची. डावीकडचं उजवीकडे आलं की तो पुन्हा खाली मान घालून जेवायला लागायचा.

सुरुवातीला तिला रडू यायचं. महिन्याभरानं ते अंगवळणी पडलं.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. पारोळ्याकडून आलेला रामदास दहा वर्षं कापडाच्या मागावर होता, आणि एवढ्या वर्षांत बोटाला चीर पडण्यापलीकडे त्याला काही झालं नव्हतं. मग एका सकाळी शेजारच्या मागावरचा धोटा उडाला. आडवं सूत नेणारा, लाकडी, टोकाला लोखंड बसवलेला तो धोटा त्याच्या उजव्या कानाच्या वर बसला. सोबत काम करणारा गाववाला सुकदेव त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. बावीस दिवसांनी रामदास चालत घरी आला. बोलणं नीट, हातपाय नीट. फक्त दाढी केली की डावा गाल तसाच राहायचा.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, गुजराती होती, आणि गरिबांशीही सावकाश बोलायची. तिनं अनुसयेला समजावलं होतं की नवऱ्याचे डोळे चांगले आहेत. डोळे बघतात, पण बघितलेलं पोचतं मेंदूत, आणि डावीकडचं जग सांभाळणारा मेंदूचा भागच मार खाऊन बसलाय.

"म्हणजे त्यांना तिकडे अंधार दिसतो?" अनुसयेनं विचारलं होतं.

"अंधार दिसला असता तर कळलं असतं, बेन. तुम्हाला तुमच्या पाठीमागं काय दिसतं? अंधार दिसतो का?"

अनुसया विचार करत राहिली. पाठीमागं अंधार नव्हता. पाठीमागं काहीच नव्हतं.

"तसं त्यांचं डावीकडे आहे," डॉक्टरीण म्हणाली. "पण तुम्ही घाबरू नका. जग जिथल्या तिथंच असतं. त्यांच्या डोक्यापर्यंत पोचत नाही, एवढंच."

हे शेवटचं वाक्य अनुसयेनं पदराला गाठ मारावी तसं बांधून घेतलं.

२

पहिल्यांदा घडलं ते एका मंगळवारी. ताट वाढून ती बसणार, तेवढ्यात शेजारच्या इंदुबाईनं हाक मारली. साड्यांचा गठ्ठा आला होता. दोघी घरबसल्या साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करायच्या, आणि गठ्ठा ओट्यावरून उचलायला दोन माणसं लागायची. अनुसया गेली आणि लगेच परत आली.

रामदास हात पुसत होता. ताटाची उजवी बाजू नेहमीसारखी खरकटी होती. डावी बाजू रिकामी होती.

तिला बरं वाटलं. आज यांनी आपणहून सगळं खाल्लं, असं वाटून ती पुढं झाली आणि ताट उचलता उचलता थांबली. उजवीकडे भाजीचा रस्सा होता, भाकरीचा चुरा होता, बोटांनी ओढलेल्या रेघा होत्या. डावीकडे यातलं काही नव्हतं. तेलाचा ओघळसुद्धा ताटाच्या मधोमध येऊन, सुरीनं कापावा तसा थांबला होता. त्या बाजूला कधी काही वाढलंच नव्हतं, असं ते ताट कोरडं होतं.

"पुरं जेवी ल्यात का?" तिनं विचारलं.

"कुठं? तू तर अर्धंच वाढलं," रामदास म्हणाला. "अजून वाढ ना."

तिनं वाढलं. मांजर आली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मांजर एवढं स्वच्छ चाटते? चाटतही असेल. चाळीत मांजरी कमी नव्हत्या. मग तिच्या मनात आलं, आपणच आज विसरून अर्ध्याच ताटात वाढलं असेल. महिनाभर झोप नीट नव्हती. टोपल्यात तिनं भाकरी मोजून पाहिल्या, पण किती केल्या होत्या तेच तिला आठवेना.

३

खोली एकच. मागच्या भिंतीला खाट, समोर दार. रामदास खाटेवर दाराकडे तोंड करून बसायचा. त्याच्या उजव्या हाताला खिडकी आणि स्टोव्ह. डाव्या हाताला नुसती भिंत. त्या भिंतीवर लाकडी फळी होती, आणि फळीच्या वर देवीचं चित्र असलेलं कॅलेंडर.

एके दिवशी कॅलेंडर नव्हतं.

पडलं असेल म्हणून तिनं खाटेखाली पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं, तर खिळाही नव्हता. खिळा निघाला तर भोक राहतं. तिनं भिंतीवरून तळवा फिरवला. चुना सपाट लागला.

इंदुबाईला विचारलं तर ती म्हणाली, देवीचं कॅलेंडर तिनं पाहिल्यासारखं वाटतंय खरं, पण ते इथं पाहिलं की पलीकडे चंचलच्या खोलीत, ते नक्की सांगता येणार नाही. अनुसयेनं मग विषय वाढवला नाही. नवऱ्याचं डोकं फुटलं, आता बायकोचंही फिरलं, असं चाळीत व्हायला वेळ लागत नाही.

पण तिला राहवेना. दुसऱ्या दिवशी तिनं आईनं लग्नात दिलेला तांब्या घासून फळीवर ठेवला. पितळेचा जड तांब्या, आणि गळ्याभोवती आईनं नाव कोरून घेतलेलं: अनुसया रामदास, ७-५-८८. साडी मांडीवर घेऊन ती धागे कापत त्याच्या समोर बसली. रामदास खाटेवर बसून खिडकीकडे बघत होता.

तांब्या तिथंच होता. कापत कापत ती वर बघे, तांब्या असे. तासभर असं चाललं. तिला स्वतःचं हसू आलं. मग एक धागा कात्रीत येईना म्हणून तिनं साडी तोंडाजवळ नेली, धागा दातानं तोडला आणि वर पाहिलं.

फळीवर काही नव्हतं.

आवाज झाला नव्हता. कोणी आलं नव्हतं. दार तर तिच्याच पाठीशी होतं. ती उठून फळीजवळ गेली. फळीवर धुळीचा पातळ थर होता आणि त्या धुळीत तांब्याच्या बुडाचा गोल उमटलेला नव्हता.

"तुम्ही तांब्या घेतला का?" तिनं विचारलं.

"कोठला तांब्या?"

"या फळीवरचा." तिनं त्याचा हात धरून डावीकडे नेला. रामदासनं मान वळवायचा प्रयत्न केला. ती मधोमध येऊन अडली, दाराच्या सरळ रेषेत, आणि तिथंच थरथरत राहिली. त्याच्या कपाळावर घाम आला.

"तठे काहीच नही," तो म्हणाला. घाबरलेल्या पोरासारखा म्हणाला, म्हणून तिनं हात सोडला.

त्या दिवसापासून अनुसया एकच काम करू लागली. ती डावीकडे बघत राहू लागली. जोवर कोणीतरी बघतंय तोवर ते राहतं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. हे खुळ्यासारखं आहे, हे तिला कळत होतं. जग जिथल्या तिथंच असतं, असं शिकलेली बाई म्हणाली होती. तरी ती भाकरी थापताना मान वाकडी करून त्या भिंतीकडे बघे, आणि तव्यावर तिची बोटं भाजत.

४

दिपालीला तिनं बापाच्या डाव्या बाजूला बसायची बंदी घातली होती. कारण सांगितलं नव्हतं. दिपाली आठ वर्षांची, बंदी घातली की तिला तेच करावंसं वाटे.

शनिवारी शाळा लवकर सुटली. अनुसया दळणाचा डबा घेऊन आली तेव्हा दारात दिपालीच्या चपला होत्या, दप्तर उंबऱ्याच्या आत टाकलेलं होतं. रामदास खाटेवर एकटाच.

"दिपाली आली ना?"

"नही ना," तो म्हणाला.

तिनं सगळी खोली पाहिली. खाटेची डावी बाजू पाहिली, चादर पाहिली, चादरीवरची निळी फुलंसुद्धा पाहिली. बाहेर जाऊन हाका मारल्या. इंदुबाईकडे विचारलं, चंचलकडे विचारलं, नाक्यापर्यंत जाऊन आली. परत आली, पुन्हा खोली पाहिली, पुन्हा बाहेर गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा दिपाली खाटेवर बापाच्या डाव्या बाजूला बसलेली होती. मांडीवर वाचनाचं पुस्तक उघडं होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

अनुसयेनं तिला ओढून उजवीकडे घेतलं आणि कुठं गेली होतीस म्हणून एक धपाटा घातला. पोर रडली नाही.

"मी इथंच होते मम्मी," ती हळू म्हणाली. "तू दोनदा आलीस. माझ्याकडे बघितलंस आणि गेलीस. मी हाका मारत होते."

रामदास खिडकीकडे बघत बसला होता. पोरीचा आवाज उजवीकडून आला तसा तो हसला आणि, ती आत्ताच आली असावी तसा, म्हणाला, "उनी का शाळामाथून?"

अनुसया रात्रभर एकच गोष्ट घोळवत राहिली. चादरीवरची निळी फुलं तिला स्पष्ट आठवत होती. ज्या फुलांवर पोर बसली होती, तीच फुलं. तिचे स्वतःचे डोळे तर चांगले होते. तिच्या डोक्याला तर काही लागलं नव्हतं.

५

रविवारी तिनं दिपालीला कामरेजला नेलं. तिचा भाऊ मगन तिथं एका पाईपच्या कारखान्यात होता, आणि त्याची बायको शोभा मायाळू होती. बसमध्ये दिपालीला उलटी झाली. शोभानं तिला न्हाऊ घातलं, डोक्याला तेल लावलं, घरामागच्या पपईच्या झाडाखाली बसवून पोहे दिले. अनुसयेनं भावाला खरं काही सांगितलं नाही. त्यांचं आजारपण आहे, पोरीचा अभ्यास होत नाही, एवढंच सांगितलं. निघताना दिपाली फाटकापर्यंत आली आणि आई वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली.

घरी आल्यावर रामदासनं पोर कुठंय, असं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही विचारलं नाही.

सोमवारी अनुसया त्याला घेऊन डॉक्टरणीकडे गेली. डॉक्टरणीनं उपाय सांगितला. ताटाच्या, खाटेच्या, फळीच्या डाव्या काठाला लाल पट्टी लावायची. ती लाल पट्टी डोळ्यांनी शोधून काढल्याशिवाय त्यांनी घास घ्यायचा नाही, काही करायचं नाही. रोज करून घेतलं तर मेंदू हळूहळू डावीकडे जायला शिकतो.

"आणि मग तिकडचं सगळं परत येतं?" अनुसयेनं विचारलं.

"येतं की."

"होतं तसंच?"

डॉक्टरणीला या प्रश्नाची गंमत वाटली असावी. ती म्हणाली, की चांगल्या डोळ्यातसुद्धा एक जागा आंधळी असते, तुमच्याही आणि माझ्याही. पण तिथं भोक दिसत नाही, कारण तिथं काय असावं ते मेंदू स्वतःच भरून टाकतो. आठवणीतून भरतो, आजूबाजूचं बघून भरतो. माणसाला पत्ताही लागत नाही.

"चुकीचं भरलं तर?"

"तर दुसरं कोणीतरी बघणारं असतं ना," डॉक्टरीण हसून म्हणाली. "ते सांगतं."

६

लाल साडीचा काठ फाडून अनुसयेनं पट्ट्या केल्या. पहिले आठ दिवस रामदास रडकुंडीला यायचा. मान मधोमध येऊन थांबायची. नवव्या दिवशी त्याला ताटाच्या कडेची पट्टी सापडली. मग खाटेची. तिसऱ्या आठवड्यात त्यानं ताट न फिरवता पुरं जेवण केलं आणि स्वतःच आश्चर्यानं ताटाकडे बघत राहिला. अनुसयेनं त्या दिवशी शिरा केला.

त्याच आठवड्यात तांब्या परत आला. ती पाणी भरून आली तर फळीवर तांब्या होता, आणि वर भिंतीला खिळा आणि खिळ्याला कॅलेंडर. हंडा उंबऱ्यातच ठेवून ती फळीजवळ धावली. तिला वाटली ती भीती नव्हती, सुटका होती. म्हणजे सगळं इथंच होतं. आपणच थकलो होतो, आपल्यालाच दिसत नव्हतं. जग जिथल्या तिथंच असतं.

तिनं तांब्या छातीशी धरला. तोच पोचा, तोच जडपणा. मग तिचा अंगठा सवयीनं गळ्यावरून फिरला, आणि तिनं तांब्या खिडकीच्या उजेडात नेला.

नाव नव्हतं. झिजलं नव्हतं की खरवडलं नव्हतं. पितळ गुळगुळीत होतं.

"इथं माझं नाव होतं ना हो?" तिनं विचारलं.

रामदासनं तांब्या हातात घेऊन सगळीकडून पाहिला. "नाव व्हतं का?" तो खरंच आठवू लागला. "नऊ वर्षं पानी पितो याच्यातून. मी कधी पाहिलं नाही."

ती कॅलेंडरजवळ गेली. देवी हुबेहूब होती, लाल शालू, हातात कमळ. खाली तारखांची घरंही होती. पण त्या घरांत आकडे नव्हते. आकड्यांच्या जागी बारीक काळं काहीतरी होतं, लांबून आकड्यांसारखं दिसणारं. रामदासला तारखेचं कधी काम पडत नसे. मागाला सुट्टी कधी, तेवढंच तो तोंडी लक्षात ठेवी.

तिला कोणाला तरी हे सांगायचं होतं. पण सांगायचं काय? नवरा बरा होतोय, डावीकडचं सगळं दिसायला लागलंय, आणि ते त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढंच आहे?

७

गुरुवारी दुपारी ती गठ्ठा पोचवून आली. दार अर्धं लोटलेलं होतं. आतून रामदासचं बोलणं ऐकू येत होतं, लाडात आलेल्या माणसासारखं हळू, तुटक.

तिनं दारातून पाहिलं. तो खाटेवर बसला होता, मांडीजवळ ताट होतं, आणि मान पूर्ण डावीकडे वळलेली होती. सहज, न अडता. त्यानं भाकरीचा घास दुधात बुडवला आणि डावीकडे पुढं केला. दाराच्या फळीआडून एक लहान हात आला आणि त्याच्या मनगटाला धरून राहिला.

"पोर उनी ना घर," अनुसयेची चाहूल लागून तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळलेला होता. "आते मले सगळं दिखस. ये, बठ."

मगननं आणून सोडली असेल. पहिला विचार हाच आला, आणि तिनं तो घट्ट धरला. दारात लहान चपला नव्हत्या. आत टाकल्या असतील. तिनं एक पाऊल आत टाकलं.

दिपालीच होती. तोच फ्रॉक, तोच डावा कान किंचित पुढं आलेला. केस मोकळे, उशीवर विस्कटतात तसे. अंगानं जरा लहान वाटली, दोन वर्षांमागची वाटली. बापाच्या अंगाला टेकून ती घास चावत होती. सावकाश, नीट चावत होती, आणि तिचे डोळे मिटलेले होते.

अनुसया उभी राहिली. रामदासनं आपल्या पोरीला पाहिलं होतं तरी कधी? सकाळी अनुसया पाठमोरी बसून स्टोव्हवर भाकरी करत असे आणि सातला तो मागाच्या खात्यावर जाई, तेव्हा पोर झोपलेली असे. रात्री येई तेव्हाही झोपलेली असे. सुट्टीच्या दिवशी तो स्वतः झोपे. उशाशी बसून तो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राही, हे अनुसयेनं पाहिलं होतं.

पोरीनं घास गिळला आणि आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. पापण्या हलल्या नाहीत. त्यांच्या खाली डोळे असावेत तसा फुगवटा होता. पण त्या उघडतील अशी कुठं फट दिसत नव्हती.

"ये ना," रामदास म्हणाला, आणि जरा उजवीकडे सरकून त्यानं आपल्या डाव्या बाजूला तिच्यासाठी जागा केली.

८

ती तशीच मागे फिरली. भेस्तानहून कामरेजला कशी पोचली, कुठं बस बदलली, हे तिला नंतर सांगता येईना. दिपाली पपईच्या झाडाखाली शोभाला शेंगा सोलून देत होती. आईला बघून ती धावत आली. अनुसयेनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ती कितीतरी वेळ तिच्या डोळ्यांत बघत राहिली. पोर शेवटी वैतागून म्हणाली, "मम्मी, सोड ना."

उद्या परत जाऊ, असं ती रोज म्हणे. नवरा एकटा आहे, नुकता बरा झालाय, त्याला कोण करून घालणार? मगननं दोनदा विचारलं, भांडण झालं का म्हणून. ती नाही म्हणाली, आणि ते खरंच होतं. तिला त्याची आठवण यायची. आपण जे पाहिलं ते पाहिलंच नाही, असं ती स्वतःला पटवत आणायची. मग जाण्याच्या विचारानं पिशवी भरायची आणि पुन्हा रिकामी करायची.

पंधराव्या दिवशी सुकदेव कामरेजला आला. मालकाच्या कामानं आला होता, म्हणून मगनला भेटायला वळला. अनुसया पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली, तसा तो बाजेवरून अर्धा उठला.

"वहिनी, तुम्ही आठे कव्हय उनात?"

इथं येऊन पंधरा दिवस झाले, ती म्हणाली.

सुकदेव तिच्याकडे आणि मगनकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग अडखळत बोलू लागला. रामदास आठ दिवसांपासून कामावर येतोय, तब्येत झकास आहे. आज सकाळी सुकदेव त्याच्या खोलीवर गेला होता, जेवूनच निघाला. पोर खाटेवर झोपलेली होती. भाकरी गरम होत्या.

"कोणी केल्या?" अनुसयेनं विचारलं.

"तुम्हीच ना," सुकदेव म्हणाला, आणि त्याचं त्यालाच काही उमजेना.

मगन हसायला लागला आणि मधेच थांबला. अनुसयेनं पेला खाली ठेवला. दिपाली आत शोभाशी बोलत होती, तिचा आवाज येत होता. तो नीट ऐकून घेतल्यावरच अनुसया पुढचं बोलली.

"माझं तोंड पाहिलं तुम्ही?"

सुकदेवनं आठवायचा प्रयत्न केला. त्यानं आत डोकावून रामराम घातला होता, ताट त्याच्यापुढं आलं होतं, त्यानं वाढून घेतलं होतं, दोन घटका गप्पाही झाल्या होत्या.

"नही वहिनी," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही स्टोव्हकडे तोंड करून बसेल व्हत्यात. पुरा वेळ पाठमोऱ्याच."